पाटीवरचं पुस्तक

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की गेली नऊ वर्षं माझं निम्मं वाचन ई-रीडरवर होतं. त्यावर इतकी पत्रं आली की जणू मी कुणाचा तरी विश्वासघात केल्याची कबुलीच दिली होती. एका बाईंनी ‘ग्रंथपाल असून तुम्हीसुद्धा?’ एवढंच लिहून खाली सही केली आहे. बाई, एकतीस वर्षं मी देवघेवीच्या टेबलामागे बसले. पुस्तकांवर शिक्के मारून मारून उजव्या अंगठ्याचा सांधा गेला. मग एका रात्री उताणं पडून वाचताना सातशे पानांचा ग्रंथ हातातून सुटला आणि नाकावर आदळला. त्याच महिन्यात ई-रीडर घरात आला. यजमान म्हणाले, “ही पाटी घेऊन काय बसलीस?” आमच्याकडे त्याला अजून पाटीच म्हणतात. तर या वेळी सगळे प्रश्न पाटीबद्दल.

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. मुलीने वाढदिवसाला ई-रीडर दिला. त्यावर तीन कादंबऱ्या वाचून झाल्या, पण पुस्तक वाचल्यासारखं वाटत नाही. काल वाचलेला प्रसंग आज शोधायला गेलो तर सापडत नाही. हा दोष वयाचा की यंत्राचा? आणि मुलीला काय सांगू?

उत्तर : सर, वयावर ढकलू नका. नॉर्वेच्या संशोधक आन्ने मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास करून २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ५० जणांना एकच २८ पानी रहस्यकथा वाचायला दिली, काहींना छापील, काहींना किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर. कथा समजण्यात दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पण कोणती घटना आधी घडली, कोणती नंतर, आणि अमुक प्रसंग पुस्तकात साधारण कुठे होता, हे विचारल्यावर छापील वाचणारे सरस ठरले. म्हणजे तुमची तक्रार अगदी नेमकी आहे.

मला याचं नवल वाटत नाही. वाचक माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, “ते वाक्य डावीकडच्या पानावर होतं, खाली, पुस्तक संपत आलं होतं तेव्हा.” आणि खरंच तिथे असायचं. डाव्या हातात किती जाडी साचली आणि उजव्या हातात किती उरली, हे बोटं मोजत असतात. पाटीवर त्याऐवजी कोपऱ्यात ‘४७ टक्के’ येतं. सत्तेचाळीस टक्के ही काय आठवणीत राहायची जागा आहे? त्यात आपण अक्षर एक घर मोठं केलं की सगळी पानं सरकतात आणि कालचं वाक्य वरून खाली जातं. म्हणून पहिल्या दिवशी अक्षराचा आकार ठरवा आणि ते पुस्तक संपेपर्यंत त्याला हात लावू नका. इतक्यानेही फरक पडतो.

प्रसंग शोधायचा तर पात्राचं नाव टाइप करा, ते नाव जिथे जिथे आलं त्या सगळ्या जागा समोर येतील. छापील पुस्तकात अशाच शोधापायी मी अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत, तेव्हा तराजूच्या या पारड्यातही काहीतरी टाकायला हवं.

अभ्यासाचं, माहितीचं, मुद्दे लक्षात ठेवायचं वाचन मात्र शक्यतो कागदावर करा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, मिळून १,७०,००० हून अधिक वाचक. माहितीपर मजकुरात, विशेषतः घाईने वाचायचं असेल तर, कागद पुढे होता. गोष्टीरूप मजकुरात फरक दिसला नाही. त्यात संगणकाचे पडदेही धरले होते, म्हणून सगळा दोष पाटीच्या माथी मारू नका.

मुलीला काही सांगू नका. तीन कादंबऱ्या वाचून झाल्यात, म्हणजे भेट लागू पडली आहे.

(पुस्तकांच्या वासाबद्दल अकरा पत्रं आली. सगळ्यांना मिळून एकच उत्तर : जुन्या पुस्तकाचा तो वास कागदातलं लिग्निन आणि सेल्युलोज, म्हणजे लाकडातून आलेले घटक, हळूहळू विघटित होत असल्याचा आहे. मलाही आवडतो. पण एकतीस वर्षं त्याच्यासोबत धूळही नाकात गेली आहे, त्यामुळे त्यावर कविता सुचत नाही.)

प्रश्न : रात्री अंथरुणात मोबाइलवर कादंबरी वाचते. डोळे चुरचुरतात आणि नंतर झोप लागत नाही. ई-रीडर घेतला तर फरक पडेल का? नवरा म्हणतो, स्क्रीन ती स्क्रीन.

उत्तर : त्यांना सांगा, स्क्रीन ती स्क्रीन नव्हे. मोबाइल म्हणजे दिवा, आणि आपण त्या दिव्याकडे टक लावून बघत असतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा आहे, त्याच्यावर बाहेरचा उजेड पडतो तेव्हा तो दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमधल्या कामातून हे तंत्र निघालं आणि १९९७ मध्ये ‘ई-इंक’ ही कंपनी स्थापन झाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे कण आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विजेने काळ्यांना वर ओढलं की ठिपका काळा, पांढऱ्यांना ओढलं की पांढरा. एकदा वर आलेला कण तिथेच थांबतो, त्याला धरून ठेवायला वीज लागत नाही. म्हणून यंत्र ‘झोपलं’ तरी त्यावर चित्र दिसत राहतं आणि बॅटरी इतकी पुरते. अर्थात जाहिरातीतले ते ‘आठवडे’ बहुधा रोज अर्धा तास वाचन धरून सांगितलेले असतात. अर्ध्या तासात आपलं काय होतं?

काळोखात वाचण्यासाठी अलीकडच्या यंत्रांत कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश पडद्यावर पसरतो, डोळ्यांत घुसत नाही. तो अगदी मंद ठेवा.

झोपेबद्दल २०१४ च्या अखेरीस एक संशोधन फार गाजलं, ‘ई-रीडरने झोप उडते’ असे मथळे आले. त्या प्रयोगात १२ जण होते. त्यांनी झोपण्याआधी चार तास वाचलं, काही रात्री छापील पुस्तक, काही रात्री पडद्यावर. पडद्यावर वाचल्यावर झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरकही दबलं. पण तो पडदा होता पूर्ण उजेडावर ठेवलेल्या आयपॅडचा! मथळे लिहिणाऱ्यांनी पाटी आणि टॅब यांची एकाच नावाने बोळवण केली. तुमचा मोबाइल त्या प्रयोगातल्या आयपॅडच्या जातीचा आहे, पाटीच्या नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर यंत्र बिघडलंय म्हणून परत कराल. मधूनच पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन उजळतो, आणि कधी मागच्या पानाची पुसट अक्षरं खाली दिसत राहतात. फळा नीट न पुसता त्यावर पुन्हा लिहावं तसं. काळं होणं म्हणजे फळा पुसणं. दोन दिवसांत लक्षही जात नाही. आणि डोळे चुरचुरायचे थांबले नाहीत तर यंत्र बदलत बसू नका, डोळे तपासून घ्या.

प्रश्न : ई-रीडर घेतल्यापासून सवलतीत दिसेल ते पुस्तक घेत सुटलोय. १४० झाली, वाचली ९. उपाय?

उत्तर : आधी नमुन्याचं प्रकरण उतरवून घ्यायचं, ते पूर्ण वाचून झाल्याशिवाय ‘विकत घ्या’ला बोट लावायचं नाही. कपाटात जागा संपली की घरचे ओरडतात. पाटीत जागा संपत नाही आणि कुणी ओरडतही नाही, खरी गोम तिथे आहे.

प्रश्न : माझ्या खात्यात दोनशेच्या वर विकत घेतलेली ई-पुस्तकं आहेत. माझ्या पश्चात ती मुलांना मिळतील ना? आणि त्यांतलं एखादं मैत्रिणीला वाचायला द्यायचं झालं तर कसं देऊ?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘विकत घेतलेली’ हा शब्द जरा बाजूला काढू. दुकानाच्या अटी कुणी वाचत नाही, मीही वाचल्या नव्हत्या. बहुतेक ठिकाणी तिथे लिहिलेलं असतं की तुम्हाला वाचनाचा परवाना मिळतो आहे. पुस्तक त्यांचंच.

याचा अर्थ काय होतो ते जगाला जुलै २००९ मध्ये कळलं. जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं किंडलच्या दुकानात अशा विक्रेत्याने ठेवली होती ज्याच्याकडे हक्कच नव्हते. चूक लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकली आणि पैसे परत केले. लोक सकाळी उठले तर पुस्तक गायब. त्यातलं एक ‘१९८४’, ज्यात सरकारला नको असलेले कागद भट्टीत जातात. असा योग लेखकालाही जुळवता आला नसता. पुढे अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं. पैसे परत दिले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली.

आता माझं ऐका. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून घेत होते. नाव नको. त्यांनी ई-पुस्तकांचा विभाग बंद केला. तशी मेल आली होती म्हणे, ती कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून राहिली. मला कळलं तेव्हा परताव्याची मुदत उलटून गेली होती. ४३ पुस्तकं. पैशाचं मी एका आठवड्यात विसरले. पण त्यांत एक आत्मचरित्र होतं, जे मी आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून वाचलं होतं. वाचता वाचता टिपा लिहिल्या होत्या, काही पुस्तकाबद्दल, बऱ्याचशा आईबद्दल. ‘आज दोन घास जास्त खाल्ले’ असल्या. पुस्तक मी पुन्हा मिळवलं, छापील. त्याचे समास कोरे आहेत.

तेव्हा टिपा महत्त्वाच्या असतील तर त्या अधूनमधून बाहेर काढून ठेवा. बहुतेक यंत्रांवर सगळ्या टिपांची एक फाईल मिळते किंवा त्या मेलने पाठवता येतात.

वारशाचं म्हणाल, तर खातं दुसऱ्याच्या नावावर करायला बहुतेक दुकानांची ना असते. एकाच कुटुंबातल्या खात्यांना पुस्तकं वाटून वाचायची सोय काही ठिकाणी आहे, ती आजच चालू करा. मैत्रिणीला द्यायचं तर पाटीच हातात द्यावी लागेल. वाचून झालेलं ई-पुस्तक पुढे विकण्याबाबत युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ते चालणार नाही. रद्दीवाल्याकडच्या पुस्तकाला जे स्वातंत्र्य आहे, ते फाईलला नाही.

निदान फसवणूक तरी थांबावी म्हणून कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे : ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ‘विकत घ्या’ म्हणण्याआधी विक्रेत्याने ते उघड सांगायचं. मला तो कायदा फार आवडला. आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची जुनी सोय बंद केली. एका हाताने खरं बोलायचं, दुसऱ्या हाताने किल्ली काढून घ्यायची.

मी आता काय करते ते सांगते. काही प्रकाशक कुलूप नसलेली, म्हणजे नक्कल करून कुठेही ठेवता येणारी, ईपब या प्रकारची ई-पुस्तकाची फाईल विकतात, मिळेल तिथे मी तीच घेते आणि संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवते. हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं तर फुकट आणि बिनकुलपाची मिळतात. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चं ते काम मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून सुरू केलं, किंडल यायच्या ३६ वर्षं आधी. एकदाच वाचून विसरायच्या रहस्यकथा मी बिनदिक्कत कुलूपवाल्या घेते, भाड्याने घेतल्यात असं समजून. आणि जे पुस्तक मुलीच्या हातात पडावं असं वाटतं, ते कागदावर. तुमच्या दोनशेंपैकी अशी किती निघतील? माझी सतरा निघाली.

प्रश्न : ग्रंथालयाच्या अ‍ॅपवर ई-पुस्तकासाठी माझा नंबर ३८ वा आहे! फाईलच तर आहे, शंभर प्रती काढायला काय जातं?

उत्तर : काढायला काही जात नाही, म्हणूनच काढू देत नाहीत. प्रकाशक ग्रंथालयाला बहुधा ‘एक प्रत, एका वेळी एक वाचक’ या अटीवर परवाना देतात, आणि तो परवाना पुष्कळदा संपणारा असतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ठरवलं की ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की परवाना खलास, पुढे पाहिजे तर नवा घ्या. छापील प्रतही झिजतेच, असा त्यामागचा युक्तिवाद.

झिजते, कबूल. पण किती? माझ्या हाताखालून एक कादंबरी १६३ वेळा गेली. पोटाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाच वेळा बदलली. दोनदा बांधणी केली, दुसऱ्या वेळी कणा नवा घातला, शिवण टाकताना आतला समास इतका गेला की ओळींची पहिली अक्षरं पुस्तक फाकवून वाचावी लागत. तरी लोक नेत होते. सव्विसाव्या वेळी ती नुकती कुठे मऊ पडली होती, नीट उघडी राहायला लागली होती.

दुसऱ्या एका बड्या प्रकाशनसंस्थेने, मॅकमिलनने, नोव्हेंबर २०१९ मध्ये नवं ई-पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे अख्ख्या ग्रंथालयाला एकच प्रत असा नियम केला. ग्रंथालयांनी त्यांच्या ई-पुस्तकांवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला. तेव्हा रागावायचं तर रागवा, पण टेबलामागच्या माणसावर नको. आणि नंबर लावून ठेवा. रांग किती लांब आहे ते बघूनच पुढचे परवाने घ्यायचे की नाही ते ठरतं.

प्रश्न : मी कुठलं पान वाचतोय, हे कंपनीला कळतं म्हणतात. खरं आहे?

उत्तर : यंत्र इंटरनेटला जोडलेलं असेल तर हो. मोबाइलवर उघडलं की पाटीवर सोडलेलं पानच पुढे येतं, ते त्याशिवाय कसं? ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत तर २०१५ पासून लेखकांना मोबदलाच वाचल्या गेलेल्या पानांवर मिळतो, म्हणजे मोजणारं कुणीतरी आहेच. कोण काय नेतो हे मी आयुष्यात तिसऱ्या माणसाला सांगितलं नाही, नवऱ्याच्या पुस्तकांची चौकशी करायला आलेल्या बायकांनासुद्धा. त्यामुळे मला हे टोचतं. मी विमान मोड लावून वाचते. टिपाही मग पाटीपुरत्याच राहतात.

प्रश्न : सासूबाई ८३ वर्षांच्या. नजर अधू झाल्यापासून त्यांचं वाचन सुटलं आणि स्वभाव चिडका झाला. ई-रीडर जमेल का त्यांना?

उत्तर : सगळ्या पत्रांत मला हेच आवडलं. जमेल, आणि माझ्या मते पाटीचा खरा उपयोग इथेच आहे. मोठ्या अक्षरातली छापील पुस्तकं मोजकी निघतात. पाटीवर कुठलंही पुस्तक मोठ्या अक्षरात होतं.

अक्षर खूप मोठं केलं की पानावर तीस-चाळीस शब्दच मावतात आणि सारखं पान उलटावं लागतं. त्यासाठी शक्यतो कडेला दाबायची बटणं असलेलं यंत्र बघा, थरथरत्या बोटाला पडदा नीट कळत नाही. माझ्या पहिल्या पाटीच्या पडद्यावर अवरक्त किरणांचं जाळं होतं, माशी बसली तरी पान उलटायचं. मी एकदा प्रकरण संपल्यावर वर बघितलं तर गोष्ट दोन पानं पुढे गेलेली. सासूबाईंच्या बाबतीत असं झालं तर त्या यंत्र त्याच दिवशी ठेवून देतील. अक्षर ठळक करा, समास अगदी कमी ठेवा, दोन ओळींत अंतर वाढवा. जोडाक्षरं फुटून दिसत असतील तर फाँट बदलून बघा.

पहिल्या दिवशी शेजारी बसा आणि पान पुढे कसं जातं, मागे कसं येतं, एवढंच दाखवा. मेनूचं जंगल दाखवू नका. त्यांना विचारा, नजर गेली तेव्हा कोणतं पुस्तक अर्धं राहिलं होतं. त्या सांगतील, असं पुस्तक विसरत नाही कुणी. तेवढं एकच त्यात घालून द्या. आणि ती फाईल पीडीएफ नाही ना, हे आधी स्वतः उघडून बघा. पीडीएफमध्ये अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं, ओळी पडद्याबाहेर जातात आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ते तर मलाही जमत नाही.